पाहुण्यांच्या बाजूचा पाच

मित्रांनो, टाळ्या वाजवायच्या असतील तर जरा लांब जाऊन वाजवा. बावीस वर्षं टाळ्या, शिट्ट्या आणि डफड्यांचा दणका ऐकून माझा जीव विटला आहे. वरोऱ्याच्या एका कॉलेजात बास्केटबॉलच्या मैदानाच्या कडेला उभा राहून थकलेला मी एक स्कोअरबोर्ड. नाव भारी आहे, पण मला दिवेबिवे काही नाहीत. सागाची चौकट, तिच्यात काळी फळी, फळीला चार खिळे आणि त्या खिळ्यांवर टांगायचे पत्र्याचे आकडे, एवढाच माझा संसार.

मला घडवलं लियाकतभाईंनी. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या. त्यांनी चौकट स्वतः ठोकली, तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून आकडे केले आणि त्यांवर पांढरा रंग असा भरला की मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून आकडा वाचता यावा. एका बाजूला लिहिलं ‘यजमान’, दुसऱ्या बाजूला ‘पाहुणे’. एककाचे आकडे दोन्ही बाजूंना कडीत ओवून टाकले, ते नुसते उलटायचे, सुटे निघत नाहीत. यजमानांचे दशकाचे आकडे शून्यापासून नऊपर्यंत झाले. पाहुण्यांचे चारपर्यंत झाले आणि पत्रा संपला.

“सर, पाहुण्याइले पत्रा कमी पडून राह्यला,” लियाकतभाई तेव्हाच्या खेळाच्या सरांना म्हणाले. “आनू का अजून?”

“काऊन आनता भाऊ? इथी येऊन पन्नास करनारा पाहुणा अजून जन्माले यायचा हाय!”

सगळे हसले. मीही हसलो असेन. अंगावर ताजा रंग होता, माज तर होताच.

तर मित्रांनो, माझं काम कसं चालतं तेही सांगतो. दशकाचा नवा आकडा जुन्याच्या अंगावरच टांगायचा. वीस झाले की एकावर दोन, तीस झाले की दोनावर तीन. खाली जुने आकडे तसेच लटकत राहतात, वरचा तेवढा दिसतो. आणखी एक रीत अशी की बाहेरचे दोन संघ खेळत असले तर नावाजलेला संघ यजमानांच्या बाजूला घ्यायचा आणि दुबळा पाहुण्यांच्या. असा नियम कुठेही लिहिलेला नाही. पण बावीस वर्षांत तो मोडलेला मी पाहिला नाही.

पहिली काही वर्षं माझे फार लाड झाले. दरवर्षी दिवाळीनंतर रंगाचा हात फिरायचा. मोठमोठे पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. मग हळूहळू सगळे विसरले. पावसाळ्यात माझ्यावर ताडपत्री टाकायचंही कुणाला सुचेना. माझ्या पाठीवर शिकवणीच्या जाहिराती चिकटल्या आणि बकऱ्या माझ्या पायांना अंग घासू लागल्या. दोनदा पाहुणे पन्नासच्या वर गेले. दोन्ही वेळा माझ्यावर एकोणपन्नासच राहिले, टेबलावरच्या सरांनी कागदावर बरोबर लिहिलं, लोक फिदीफिदी हसले आणि ‘उद्या पत्रा आणू’ म्हणत घरी गेले. तो उद्या अजून उगवायचा आहे.

लियाकतभाईंची नजर गेली तेव्हापासून त्यांची मुलगी निशात मला सांभाळते. ती इथेच ग्रंथालयात कामाला आहे. सामना असला की ओढणी कमरेला खोचून स्टुलावर चढते आणि माझे आकडे बदलते. “चल रे म्हाताऱ्या, आज कुरकुरू नको,” असं म्हणून आधी माझ्या गंजक्या खिळ्यांना तेलाचं बोट लावते. तिच्यावर माझी माया आहे, खोटं कशाला बोलू?

मागच्या हिवाळ्यात इथे मुलींची आंतर-महाविद्यालयीन स्पर्धा झाली. आठ संघ, आणि हरला तो थेट घरी. मुलचेऱ्याहून सात मुली आल्या. त्यांच्या कॉलेजात खेळाचे शिक्षकच नाहीत, म्हणून इतिहास शिकवणारे डोमा सर सोबत आले होते. सूरजागडच्या खनिजाच्या ट्रकांमागे त्यांची बस दोन तास अडकली होती. बिचाऱ्या उतरल्या त्या तशाच मैदानावर आल्या आणि माझ्या पायांना टेकून बुटांच्या नाड्या बांधायला बसल्या. त्यांची कप्तान होती रिंकू, एक काटक, सावळी पोरगी.

“सर, प्राचार्य खरंच शेड बांधतीन का हो?” तिनं विचारलं.

“पत्रे येऊन पडले, पोरी,” डोमा सर म्हणाले. “साहेब म्हनाले, कप आना, नाई तं मैदानावर मोटरसायकलींचं शेड. तीन वर्षं तुमी पयल्याच सामन्यात हारून येऊन राह्यल्या. त्याइलेही काय बोलाव?”

“मंग आमी कुठी खेळाव?”

मग संघातल्या नव्या दोघींना रिंकूच सांगू लागली, तेव्हा मला सगळं कळलं. तिचे वडील मनसाराम तलावात मासे धरतात. ज्या उन्हाळ्यात तलाव आटला, त्या उन्हाळ्यात त्यांनी आणि वस्तीतल्या ढिवर मंडळींनी डोक्यावर मुरूम वाहून ते मैदान सपाट केलं होतं. पोरी खेळतील म्हणून. त्या आसपासच्या गावांत पोरींना खेळायला तेवढीच एक जागा. कप नेला तर ती राहणार, नाही तर तिच्यावर गाड्या उभ्या राहणार.

मी मनात म्हटलं, गेली बाई तुझी जागा. मी काय वाईट मनाचा नाही, पण असे संघ मी ढिगाने पाहिले आहेत. दुपारी येतात, संध्याकाळच्या बसने जातात.

पहिल्या सामन्यात त्यांनी गडचिरोलीचा संघ चार गुणांनी हरवला. ‘उलटफेर! उलटफेर!’ म्हणून माईकवाला बेंबीच्या देठापासून ओरडला. मी म्हटलं, होतं असं एखाद्या वेळी. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात त्यांच्यासमोर चंद्रपूरचा संघ होता, चार वर्षांचा विजेता. तोही पडला, तेरा गुणांनी! माईकवाल्याचा आवाज बसला. पोरं मोबाइल घेऊन माझ्यासमोर धावली आणि माझे आकडे टिपू लागली. ज्यांनी आदल्या दिवशी मुलचेरा कुठे आहे म्हणून विचारलं होतं, ते चहाच्या टपरीवर ‘मी तं आधीच सांगतलो होतो’ म्हणत बसले. मित्रांनो, उलटफेर झाला की असले ज्योतिषी गल्लोगल्ली निघतात. मला तर त्यांचा कंटाळाच आला होता. पण रात्रभर तो तेराचा फरक माझ्या डोक्यातून जाईना, हेही खरं.

अंतिम सामना आमच्याच कॉलेजशी होता. आमची कप्तान महेक. उंच, शांत आणि हाताची फार पक्की. आमचे आताचे खेळाचे शिक्षक प्रफुल सर सकाळपासून कडक इस्त्रीचे कपडे घालून फिरत होते. कप ठेवायच्या कपाटाची काच पुसून झाली होती.

सामना काय रंगला म्हणून सांगू! एक गुण इकडे, दोन तिकडे. निशातचा हात थांबेना आणि माझे सांधे कुईकुई करू लागले. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा यजमान अठ्ठेचाळीस, पाहुणे एकोणपन्नास. तेवढ्यात रिंकूनं डाव्या बाजूनं मुसंडी मारली आणि चेंडू जाळीतून खाली आला. एक्कावन्न!

निशातनं पाहुण्यांच्या आकड्यांत हात घातला आणि ती थबकली. पाच कुठे होता? “या अल्ला, इथी तं पाचच नाई,” ती पुटपुटली. मग तिनं झटकन यजमानांचा पाच काढला आणि पाहुण्यांच्या चारावर टांगला. शेजारी एक. एक्कावन्न बरोबर दिसू लागले. मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतो! पुढच्याच मिनिटाला महेकनं चेंडू टोपलीत टाकला. यजमान पन्नास. आता पाच यजमानांनाही हवा.

“आपला पाच आपल्याले दे!” प्रफुल सर बाकावरून गरजले. “निशात! ऐकू येऊन नाई राह्यलं का?”

गोंधळलेल्या निशातनं पाहुण्यांवरचा पाच उतरवला आणि यजमानांच्या खिळ्यावर टांगला. पाचाखाली चार लटकत होता, तो वर दिसू लागला. यजमान पन्नास, पाहुणे एक्केचाळीस. एक्कावन्न गुण केलेल्या पोरींना मी भर मैदानात एक्केचाळीस करून दाखवलं! मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

मुलचेऱ्याच्या पोरींनी घाईघाईत चेंडू मारला, तो कडीवर आपटून बाहेर आला आणि महेकच्या हातात पडला. वीस सेकंद उरले होते. महेकनं वर माझ्याकडे पाहिलं, नऊ गुणांची आघाडी दिसली, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिनं चेंडू मधल्या रेषेपलीकडे नेला आणि तिथेच टप्पे देत उभी राहिली. इकडे आमची पोरं डफडी बडवत नाचायला लागली. प्रफुल सरांना खरा आकडा ठाऊक होता. ते “मार! मार टोपलीत!” म्हणून घसा फोडत होते, पण त्या दणक्यात कोण ऐकतो? पोरींना वाटलं, सर शाबासकी देत आहेत.

तेवढ्यात रिंकूनं वर पाहिलं. मित्रांनो, ती माझ्याकडेच पाहत होती. तोंडावरचं रक्त उतरलं, ओठ उघडे राहिले, आणि दोन्ही हात पडले. मग ती भानावर आली आणि चेंडू हिसकायला महेकच्या अंगावरच निघाली. धक्का लागला असता तर महेकला कुणी न अडवता टोपलीत मारायच्या मोकळ्या फेकी मिळाल्या असत्या आणि सगळंच संपलं असतं. डोमा सर पार रेषेपर्यंत धावले. एका हाताची पाचही बोटं आणि दुसऱ्या हाताचं एक बोट वर करून ते वेड्यासारखे हलवू लागले. पाच, एक. पाच, एक. रिंकूनं ते पाहिलं आणि पाऊलभर अंतरावर थांबली. हात पाठीमागे घेतले. महेक टप्पे देत राहिली. शिट्टी वाजली.

आमची पोरं मैदानात घुसली, महेकला खांद्यावर घेतलं, आणि तेव्हा पंचांनी टेबलावरचा कागद वाचला. मुलचेरा एक्कावन्न, वरोरा पन्नास.

मग जे झालं ते विचारू नका. “हा सामना मी मानत नाई!” प्रफुल सर लालबुंद झाले. “बोर्डानं फसवलं आमाले. शेवटचं मिनिट पुन्हा खेळवा!”

“बोर्ड पब्लिकले पाहाले असते सर,” पंच म्हणाले. “खरं ते कागदावरचं.”

“मंग हिनं मुद्दाम केलं!”

निशात स्टुलावरून उतरली. “दशकाचा पाच एकच होता सर. एकाच बाजूले टांगता येत होता. तुमी मांगला, मी देला. मुद्दाम काऊन करीन मी?”

अर्धा तास हीच बाचाबाची. पंच वैतागले. दोघंतिघं म्हणू लागले की जाऊ द्या, खेळवा एक मिनिट, काय बिघडतं? मुलचेऱ्याच्या पोरी एका कोपऱ्यात अंग चोरून उभ्या होत्या. तिथे त्यांचं कोण होतं? एकटे डोमा सर, तेही इतिहासाचे. माझा जीव तुटत होता. जिंकलेलं मैदान त्यांच्या हातातून माझ्यामुळे जाणार होतं.

शेवटी महेक पुढे आली. घाम अजून वाळला नव्हता.

“राहू द्या सर,” ती म्हणाली. “चूक माई आहे. टेबल दहा पावलांवर होतं, मी विचारलं नाई. आधी एक्कावन्न पाह्यलं होतं मी. मंग एक्केचाळीस दिसलं. त्याइचा आकडा कमीच असन, हे मले लगेच खरं वाटलं. म्हनून विचारलं नाई.”

महेक चालत गेली आणि तिनं रिंकूचा हात हातात घेतला. प्रफुल सर बाकावर बसले आणि त्यांनी चष्मा पुसायला काढला. पंचांनी कागदावर सही केली.

कप घेऊन पोरी पुन्हा माझ्या पायाशी येऊन बसल्या. डोमा सरांनी प्राचार्यांना फोन लावला, आवाज मोठा केला आणि जिंकल्याचं सांगितलं. पलीकडून आवाज आला, “कप मोठा आहे का?”

“रिंकूच्या कमरेले लागते, साहेब.”

“बरं. मंग शेड इमारतीमागं घेऊ. पोरींले सांगा.”

पोरींनी जो कल्ला केला! बावीस वर्षांत पहिल्यांदा मला कल्ल्याचा त्रास झाला नाही. रिंकूनं घरी फोन लावला. मनसाराम तलावावर होते, पाण्याचा आवाज येत होता.

“बाबा, मैदान राह्यलं.”

“हारल्या नाई?”

“नाई. आमचे एक्कावन्न, त्याइचे पन्नास.”

“एकानंच?”

“हो, एकानंच.”

पलीकडे जाळं पाण्यात पडल्याचा आवाज आला. “जेवली का तू?” मनसारामनी विचारलं. मघापासून कोरडी असलेली रिंकू तेव्हा ढसाढसा रडली.

आता मी सामानाच्या खोलीत फाटक्या जाळ्यांजवळ पडून आहे. नवा, दिव्यांचा बोर्ड येणार म्हणतात. येऊ दे बापडा, मला उभं राहायचा कंटाळाच आला आहे. फक्त एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या शाळेत, कॉलेजात माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल, तर आज जाऊन त्याच्या दोन्ही बाजूंचे आकडे बघा. कमी असतील तर पत्रा कापा. हातभर तुकडा लागतो. इथे बावीस वर्षं कुणी तो कापला नाही, आणि जिंकत असलेल्या एका पोरीला मी सांगितलं की तू हरलीस. वर पाहताना तिचा चेहरा कसा झाला होता, तो मी पाहिला आहे. तसा चेहरा तुम्ही कुणाचाही होऊ देऊ नका.