पॉलिशवाल्या मिस्त्रींचा पेला

मित्रांनो, आधी मला नीट पाहून घ्या. अंगाने पितळी, पोटात कल्हई, कडेला एक पोचा आणि तळाला लाखेचा एक डाग, जो कितीही घासला तरी जात नाही. असा मी एक जुना पेला आहे. मला तोंड आहे, धरायला एक कानही आहे, पण जीभ तेवढी नाही. तुम्ही म्हणाल, मग हे बोलते आहे कोण? अहो, आम्हा निर्जीवांना गोष्टीत बोलायची मुभा असते. जिथे बोलायला हवे होते, तिथे मात्र नव्हती.

एका तांबटाने मला पत्र्यातून ठोकून ठोकून घडवले. त्याच्या नातीच्या पाळण्याला मिस्त्रींच्या वडिलांनी असे पॉलिश करून दिले होते, की त्याने खूश होऊन मला त्यांच्या हातात ठेवले. तेव्हापासून मी त्यांच्या कारखान्यात खिळ्याला कानाने लटकतो आहे. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. एका टोकाला सुतारकाम चाले, दुसऱ्या टोकाला खिडकीजवळ पॉलिश. मधे चौरंगावर बसून मिस्त्रींची लेक खुर्च्यांच्या बैठका वेताने विणायची. सुतार हे मिस्त्रींचे लहानपणापासूनचे मित्र. बोलता बोलता समोरच्याची सालपटे काढत, म्हणून सगळे त्यांना रंधाकाका म्हणत.

लाखेचे पॉलिश हे मोठे चिकाटीचे काम. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा त्यात बुडवायचा आणि लाकडावर एक हात मारायचा. तो वाळला की दुसरा, मग तिसरा. घाई केली की सगळे मुसळ केरात! आणि सगळ्यांत अवघड तो शेवटचा हात. मिस्त्री तो मारायला लागले, की बोळा लाकडाला लागतो आहे की नाही हेच कळत नसे. मनगट नुसते तरंगायचे. त्यानंतर कपाटाच्या दारात माणसाला आपले तोंड दिसे, अगदी पापण्यांसकट.

आमच्याकडे एक रीत होती. शेवटचा हात झाला, की मला खिळ्यावरून काढायचे आणि दारूचा पहिला घोट शेवटचा हात मारणाऱ्याने घ्यायचा. वडिलांच्या काळात कामे महिना महिना चालत, त्यामुळे मी बहुतेक वेळ रिकामाच असे. एक घोट, दोन विनोद, की सगळे आपापल्या घरी. मला त्या मानाचा गर्व होता, खोटे कशाला बोलू?

पुढे मिस्त्रींचे सांधे सुजू लागले. सकाळी मूठ वळेना. शर्टाची बटणे लेक लावून द्यायची आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. बोळा हातातून निसटायचा. मग लेक त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि लेकीसमोर बजावले. परत आल्यावर लेकीने त्यांचे शब्द रंधाकाकांना जसेच्या तसे सांगितले, म्हणून मलाही कळले. "गोळी नाश्त्यानंतर घ्यायची. आपल्या मनाने बंद करायची नाही, वाढवायची नाही. आणि ही चालू आहे तोवर दारूला शिवायचं नाही. पोटात आतून जखम होते, आणि ही गोळी दुखणं झाकून टाकते, म्हणून लवकर कळतसुद्धा नाही."

गोळीने खरोखर कमाल केली हो! थोड्याच दिवसांत मिस्त्री स्वतःची बटणे स्वतः लावून कारखान्यात आले. लेकीने हातातला वेत खाली टाकून टाळ्या वाजवल्या. रखडलेली कामे भराभर उरकू लागली. आणि कामे उरकू लागली, म्हणून माझीही पाळी वरचेवर येऊ लागली. सकाळी माझ्यातल्या पाण्याने गोळी जायची, संध्याकाळी माझ्यातूनच दारू. माझ्या पोटाला कल्हई होती, मला काय होणार? पण मिस्त्रींच्या पोटाला कुठली आली कल्हई!

लेक चिडायची. "बाबा, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं?"

"अगं वेडे, आपल्या धंद्याचा पहिला नियम काय? एक हात वाळला, की दुसरा मारायचा. सकाळची गोळी संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळते. वर दुसरा हात मारला तर बिघडतं कुठे?"

"पोट म्हणजे काय कपाटाचं दार आहे?"

रंधाकाका खो खो हसले आणि त्यांनी मला पुन्हा भरले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरे काय!

या लेकीचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. तिला शेवटचा हात शिकायचा होता. आधीचे सगळे हात तिला येत होते, पण तो तेवढा येत नव्हता. दिवसा मिस्त्रींना उसंत नसे, म्हणून काम आटोपल्यावर ती बोळा घेऊन त्यांच्यापुढे उभी राहायची. तोवर मी रिकामा झालेला असे आणि त्यांचे मनगट सैल पडलेले. "उद्या," ते म्हणत. "आता हात हलतोय बघ. उद्या नक्की." असे किती उद्या त्या खिळ्यावरून मी पाहिले!

हळूहळू मिस्त्रींचा चेहरा गोल झाला. रंधाकाका म्हणाले, "गालांवर पॉलिश चढलंय!" मग जिना चढताना त्यांना धाप लागू लागली. बरगड्यांखाली मूठ दाबून ते म्हणत, स्पिरिटचा वास बाधतोय. एकदा त्यांनी रंधाकाकांना हळूच सांगितले, "शौचाला अगदी काळीकुट्ट होतेय रे." "लाख चाटलीस की काय?" काका म्हणाले आणि दोघे हसले. मी जीव तोडून ओरडलो असतो, मित्रांनो. ते आतून झिरपणारे रक्त होते, पण दोघांपैकी एकालाही शंका आली नाही.

त्याच सुमारास एक भले मोठे जेवणाचे टेबल तयार झाले. "हे होऊ दे, मग तुला शिकवतो," असा मिस्त्रींनी लेकीला शब्द दिला होता. टेबल असे चकाकले, की गिऱ्हाईक त्यात वाकून आपलेच केस सारखे करू लागले. त्या संध्याकाळी मी भरला गेलो, रिकामा झालो, पुन्हा भरला गेलो. लेक बोळा हातात घेऊन उभी होती. "उद्या," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तळहातावर गोळी घेतली आणि मला उचलले. पण मी ओठांपर्यंत पोहोचलोच नाही. ते भुशावर गुडघे टेकून ओकले. ओकारी काळसर होती, चहाच्या चोथ्यासारखी. लेकीने त्यांचे डोके मांडीवर घेतले. रंधाकाका घोंगडी आणायला धावले. फर्निचर गुंडाळायच्या घोंगडीत मिस्त्रींना गुंडाळून, फर्निचरच्याच हातगाडीवरून दोघांनी त्यांना इस्पितळात नेले.

पोटातली जखम फुटली होती. बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवले, तेव्हा कुठे जीव वाचला. शुद्धीवर आल्यावर ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले म्हणे, "पण बाई, मी मधे वाळायला वेळ दिला होता."

बाई रागावल्या नाहीत. "मिस्त्री, पोट कधी वाळत नाही हो," एवढेच म्हणाल्या.

स्टेरॉइड एकदम तोडणेही धोक्याचे असते, म्हणून बाईंनी आपल्या देखरेखीखाली गोळ्या हळूहळू कमी केल्या. दुसरे औषध सुरू झाले, पण ते काही तितके लागू पडले नाही. मिस्त्रींची बोटे पुन्हा आखडली, ती आखडलीच.

मला रंधाकाकांनी रागाने खिळ्यांच्या पेटीत फेकले. कडेचा पोचा तेव्हाचा. तिथे मी गंजक्या खिळ्यांत खूप दिवस पडून होतो. काका रडत होते ते मी तिथून ऐकले. राग माझ्यावर नव्हता, हे मला कळत होते.

शेवटी लेकीनेच मला बाहेर काढले आणि राखेने घासले. त्या दिवशी तिने एका खुर्चीला स्वतः शेवटचा हात मारला होता. मिस्त्री शेजारी बसून सांगत होते, "हलकं... अजून हलकं... नाही, तसं नाही." खुर्ची छान झाली, पण तिच्यात तोंड दिसत नव्हते. रंधाकाकांनी मला माठातल्या पाण्याने भरले. मिस्त्रींची बोटे माझ्या कानात शिरेनात. त्यांनी मला दोन्ही तळव्यांत धरले आणि लेकीपुढे केले. "घे. शेवटचा हात तुझा, पहिला घोट तुझा."

ती प्यायली. मग म्हणाली, "बाबा, मनगट कसं फिरवायचं ते उद्या परत दाखवाल?"

"उद्या कशाला? आत्ताच बघ," ते म्हणाले आणि त्यांनी हात उचलला. हात हवेत तसाच राहिला. मनगट काही फिरले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी अशा गोळ्या घेत असेल, तर त्यांच्या संध्याकाळच्या पेल्यात काय आहे ते बघा. दारू असेल तर हट्ट धरा, रुसा, डॉक्टरांना सांगा. हसण्यावारी नेऊ नका. मला जीभ नव्हती, तुम्हाला आहे. आणि कुणी तुम्हाला काही शिकवणार असेल, तर ते दिवसाउजेडीच शिकून घ्या. आमच्या लेकीला अजून तो हात आलेला नाही.