मुख्यालयाचा सल्ला

लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण आमच्या घरात साधी भाजी कुठली करायची हेसुद्धा कधी सरळ ठरलं नाही. माझे यजमान जयसिंगराव नौदलातून कमोडोर म्हणून निवृत्त झाले. त्यातली निम्मी नोकरी दिल्लीच्या मुख्यालयात फायली पुढे सरकवण्यात गेली. जहाजावर होते तोवर बरा माणूस होता हो. हडपसरच्या शेतकऱ्याचा मुलगा, तोंडानं फटकळ, हातानं मोकळा. मुख्यालयात गेले आणि बोलणंच बदललं. 'मी ठरवलं' असं कधी म्हणायचे नाहीत, 'असं ठरलं' म्हणायला लागले. कुणी ठरवलं म्हणून विचारलं, तर मलाच वेड्यात काढायचे.

मुख्यालयातल्या हुद्द्यांचं ते सगळं झाड मलाही पाठ आहे. नौदलप्रमुख, खाली उपप्रमुख, मग सहउपप्रमुख, माणसांचा प्रमुख, सामानाचा प्रमुख. पाठ न होऊन सांगते कुणाला? मेजवानीला बायकांनीसुद्धा नवऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे बसायचं. माझं माहेर नारायण पेठेतलं, तिथे माणसं तोंडावर बोलून मोकळी होतात. मी मात्र वीस वर्षं कुणाच्या तरी बायकोच्या डावीकडे बसून गप्प हसले.

निवृत्तीनंतर आम्ही बिबवेवाडीत ओढ्याच्या कडेला फ्लॅट घेतला. वर्षभरात लोकांनी यांना सोसायटीचं अध्यक्ष केलं. निवृत्त फौजी मिळाला की पुणेकरांना काय आनंद होतो, कामं सगळी त्याच्या गळ्यात! पण आमचे साहेब नुसते अध्यक्ष कसले होतायत? त्यांनी जिन्याजवळ एक फलक रंगवून घेतला. वर 'प्रमुख', त्याखाली 'उपप्रमुख', त्याखाली बाकीचे. उपप्रमुख म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे शरच्चंद्र, बँकेतून निवृत्त, सही करण्याआधी तीनदा वाचणारे. सामानाचा प्रमुख म्हणजे मुनव्वरभाई. त्यांचं हार्डवेअरचं दुकान, म्हणून सोसायटीच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडे. लोक हसले, पण मोटारी रेषेत लागायला लागल्या, पाण्याची भांडणं मिटली, तेव्हा हसणं थांबलं.

मग तळघरातल्या पार्किंगमधून पेट्रोल चोरीला जायला लागलं. चोर मागच्या जिन्याच्या दारानं येत होता. यांनी बैठक घेतली आणि उभं राहून सांगितलं, त्या दाराला जिन्याच्या बाजूनं कुलूप लागेल, आणि प्रमुखांना विचारल्याशिवाय ते कुणीही, कुठल्याही कारणासाठी उघडणार नाही. मुनव्वरभाईंनी हळूच विचारलं, साहेब, अडीनडीला काय करायचं? हे म्हणाले, अडीनडीलाच शिस्त लागते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी चहा वाटत होते, मला ते दृश्य अजून दिसतं.

ती संध्याकाळ सप्टेंबरातली. नारायण पेठेतल्या एका सभागृहात यांचं व्याख्यान होतं, स्वातंत्र्यानंतर नौदलाची वरची फळी कशी घडली यावर. आठवडाभर घरात तोच घोष चालला होता. आम्ही निघालो तेव्हा आभाळ काळंकुट्ट होतं. संपतनं, म्हणजे आमच्या वॉचमननं, रिक्षा थांबवून दिली आणि म्हणाला, "साहेब, छत्री ऱ्हायली काय? आज लई येणार हाय." त्याची बायको शकू आमच्याकडे भांडी करायची. दोघं गेटजवळच्या खोलीत राहायची.

सभागृहात फोन बंद ठेवा अशी पाटी होती. आम्ही दोघांनीही बंद केले.

व्याख्यान चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. स्वातंत्र्य मिळालं तरी अठ्ठावन्न सालापर्यंत वरच्या खुर्चीत इंग्रजच कसा होता, पंचावन्न साली सरसेनापती हे नाव जाऊन प्रमुख हे नाव का आलं, नावाबरोबर कामाची रीत कशी बदलली, सगळं यांनी रंगवून सांगितलं. बाहेर पाऊस पत्र्यावर असा आदळत होता की मागच्या रांगा पुढे सरकल्या. शेवटी धोतरातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी प्रश्न विचारला. एवढं मोठं झाड तुम्ही दाखवलंत, पण एखादं जहाज बुडालं, तर या झाडातलं कोण जबाबदार?

हे हसले. "त्यातलं कुणीच नाही. ज्याच्या हातात जहाज, तो जबाबदार. मुख्यालय सल्ला देतं."

हशा आणि टाळ्या. म्हातारे गृहस्थ तेवढे हसले नाहीत.

बाहेर येऊन फोन सुरू केले तर दोन्ही फोनवर चुकलेल्या कॉलची रांग, मुनव्वरभाई आणि शरच्चंद्र, शरच्चंद्र आणि मुनव्वरभाई. उलट लावला तर लागेना. रिक्षावाले बिबवेवाडी म्हटलं की मान हलवायचे. एकानं दुप्पट पैसे घेऊन स्वारगेटच्या पुढे सोडलं, तिथून आम्ही गुडघाभर पाण्यातून चालत आलो. ओढ्याकडची भिंत पडली होती. बंब आला होता. मुनव्वरभाई जिन्याच्या पायरीवर बसले होते, मुठीत किल्ली तशीच आवळलेली, आणि शकू त्यांच्यासमोर उभी होती. ती रडत नव्हती. मला बघून म्हणाली, "बाई, आतच हायेत."

काय झालं ते मुनव्वरभाईंनी सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. ओढ्याचं पाणी चढायला लागलं तसे ते दुकान बंद करून घरी आले. मोटारी खाली नेण्याच्या उतारावरून पार्किंगमध्ये पाणी शिरत होतं. खाली कुणी आहे का ते बघावं म्हणून ते किल्ली घेऊन जिन्यानं उतरले. शरच्चंद्र मागोमाग आले. म्हणाले, दार उघडलंत तर पाणी लिफ्टच्या खड्ड्यात जाईल, लिफ्ट जळेल, आणि नियम ठाऊक आहे ना, आधी साहेबांना विचारा. यांना फोन लावला. बंद. मला लावला. बंद. परत यांना. संपत गेटवर असणार असं दोघंही धरून चालले होते. तो तर कुणाकुणाच्या स्कूटर वर आणायला उतारावरून खाली गेला होता. भिंत पडली तसा लोंढा एकदम आला, उताराची वाट बंद झाली. मग त्यांना आतून दारावर धक्के ऐकू आले.

मुनव्वरभाईंनी त्या क्षणी कुलूप काढलं. कुणाला विचारलं नाही. पण ते दार आत, पार्किंगच्या बाजूला उघडणारं होतं. पलीकडे छातीभर पाणी. दोघांनी खांदे लावले, तिसऱ्या मजल्यावरची पोरं धावत आली, त्यांनी लावले. दार बोटभर हललं, पुन्हा मिटलं. मुनव्वरभाई म्हणाले, भाभी, तो माझं नाव घेऊन हाका मारत होता. थोड्या वेळानं धक्के थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार आले. जिन्याजवळचा फलक तोपर्यंत गायब झाला होता, चारच खिळे राहिले होते. शरच्चंद्रांनी तो पहाटेच काढवला असं मला मागाहून कळलं. फौजदारांनी सोसायटीच्या ऑफिसात एकेकाला विचारायला सुरुवात केली. दाराबद्दल काही नियम होता का? कुणालाच आठवेना. ज्या हातांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते सगळे हात वर झाले. किल्ली कुणाकडे होती एवढं मात्र प्रत्येकाला लख्ख आठवत होतं. वीस वर्षं शेजारी राहिलेली माणसं एका रात्रीत 'ते मुनव्वर' म्हणायला लागली, भाई गळालं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण मी यांच्याकडे बघत होते. म्हटलं, आता हे बोलतील. माझा नवरा आहे, काही झालं तरी हे बोलतील.

हे इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते. म्हणाले, मी जागेवर नव्हतो, मी कोणताही हुकूम दिला नाही, किल्ली मुनव्वर यांच्याकडे होती आणि जागेवर ते होते. शब्द न् शब्द खरा होता.

मुनव्वरभाईंनी वर पाहिलं. "साहेब, आपणच सांगितलं होतं ना, विचारल्याशिवाय उघडायचं नाही म्हणून?"

"तो सल्ला होता," हे म्हणाले.

मी ताडकन उठले. म्हटलं, फौजदारसाहेब, लिहून घ्या, तो सल्ला नव्हता, हुकूम होता, मी त्या बैठकीत चहा वाटत होते. फौजदारांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी चष्मा पुसला आणि हे सौम्यपणे म्हणाले की हिला धक्का बसला आहे, रात्रभर झोप नाही. फौजदारांनी मान डोलावली आणि पेन खाली ठेवलं. निवृत्त कमोडोर खरा की त्याची बायको खरी, हे ठरवायला त्यांना वेळ लागला नाही. दुपारी मुनव्वरभाईंना जीपमध्ये बसवून चौकीवर नेलं. त्यांची बायको रझिया अनवाणी गेटपर्यंत आली, आणि एकाही खिडकीतून कुणी तिला हाक मारली नाही.

मी वर येऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. हे बाहेर कोचावर बसले, पेपर उघडला. मला या माणसाची किळस आली, आणि चाळीस वर्षांची सवय अशी की तरीही हात चहाचं आधण ठेवत होते. मी गॅस बंद केला.

तेवढ्यात शकू दारात आली. प्रेत ससूनमधून कधी मिळेल ते साहेबांना विचारायला आली होती, साहेबांची ओळख असेल म्हणून. यांनी सांगितलं, चौकशी करतो, योग्य त्या माणसाकडे कळवतो. ती तिथेच उभी राहिली. कुंकू पुसलेल्या कपाळावर अजून लाली होती.

"बाई," ती म्हणाली, "समदी म्हंतात मुनव्वरभाईनं कोंडलं. त्यो तर दार ढकलत व्हता, म्या बघितलं. मग माझ्या मालकाला कोंडलं कुनी?"

यांनी पेपर वर धरला. मी तो पेपर बघितला, त्यामागची बोटं बघितली. बोटं स्थिर होती.

"माझ्या नवऱ्यानं," मी म्हटलं.

शकूनं यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच बघत राहिली. मी तिला म्हटलं, चल, आधी चौकीवर जाऊ. माझा जबाब त्यांनी घेतला नाही, तर घेईपर्यंत मी तिथल्या बाकावरून उठणार नाही. मग ससूनला जाऊ. पायात चपला घातल्या, पर्स घेतली. दाराशी पोचले तेव्हा मागून पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

"कुणाला विचारून चाललीस?" यांनी विचारलं.

आवाज तोच होता, बैठकीतला. मी वळून बघितलं नाही.

"कुणालाच नाही," मी म्हटलं, आणि शकूचा हात धरून जिना उतरायला लागले.