मुलींच्या दाराचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

उमेदीची वर्षे मी उमरीच्या एका कापसाच्या गोदामावर काढली. माझ्या भरवशावर मालक बिनघोर झोपत. पुढे गोदाम बंद झाले आणि मालकांचे भाचे वैजनाथ सर मला लातूरला घेऊन आले. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी त्यांनी क्लास काढला होता. मला वाटले, पुस्तकांच्या खोलीवर लावतील. लावले कुठे? वर्गाच्या मागे, मुलींच्या संडासाला!

कारण काय, तर मुली आत वेळ घालवतात. किल्ली सरांच्या टेबलावर. भरल्या वर्गात उठायचे, फळ्यापर्यंत जायचे आणि सगळ्यांदेखत ती मागायची. मागच्या बाकावरची मुले मुद्दाम खोकायची.

कंधारची बुद्धप्रिया एकदाच उठली. "आत्ताच पाहिजे का?" सरांनी माईकवरून विचारले आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून तिने पाणीच सोडले. सकाळी भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच परत जायची. हॉस्टेलवर सकाळी रांग, म्हणून तिथेही न जाताच पळत यायची. दिवसभर बसून राहायचे आणि चहाबरोबर बिस्किटे खायची. भाजीला ती हात लावत नसे. "खाल्लं की जावं लागतं," म्हणायची.

एकदा माझ्याजवळ उभी राहून ती मैत्रिणीला, सत्यशीलाला, हळूच म्हणाली, "लई दिवस झाले गं, पोट साफच होऊन नाही राहिलं. रक्त पडतंय. कुणाला सांगू नको."

डॉक्टर व्हायला आलेल्या मुलीला हे सांगायची लाज वाटावी! आणि कुलूप लावणाऱ्याला कसलीच लाज नसावी! माझा नुसता संताप झाला.

शेवटी एका परीक्षेत ती पोट धरून खाली बसली. कंधारहून तिची आई पंचशीलाबाई धावत आल्या. दवाखान्यातून मायलेकी थेट वर्गात शिरल्या.

"डॉक्टर म्हणले, भाकरी खा, भाज्या खा, पाणी पी, हिंड-फिर, अन् लागली की जा, दाबून ठेवू नको," पंचशीलाबाई सरांना म्हणाल्या. "समदं करंल माझी लेक. पण जायचं कुठं, सर? दाराला कुलूप हाय."

"शिस्तीसाठी आहे ते, बाई."

"मग पोरांच्या दाराला कामून न्हाई?"

बाईंनी टेबलावरची किल्ली उचलली, मला उघडले आणि सरळ आपल्या पिशवीत टाकले. "जा गं पोरींनो," त्या म्हणाल्या. आधी सत्यशीला उठली. मग एकेक करून पुष्कळ जणी उठल्या. त्या दिवशी मागे कोणी खोकले नाही.

आता मी कंधारला, पंचशीलाबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पडून असतो. परवा बुद्धप्रिया सुट्टीला आली. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी पोटभर खाऊन, वर तांब्याभर पाणी पिऊन म्हणाली, "मम्मी, सरांनी नवं कुलूप आणलंय गं."

"आणू दे," तव्यावरची भाकरी उलटत बाई म्हणाल्या. "पिशवी मोठी हाय आपली."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सगळे सांगतात. मी सांगणार नाही. मला खुशाल गंजू द्या. पण तुमच्या शाळेत मुलींच्या दाराला कुलूप दिसले, तर किल्ली मागत बसू नका. कुलूपच काढायला लावा.