सहा उंचवट्यांची दाढ

दाजींनी पहिला ठोसा मारला तेव्हा सुईवाला हसला. त्याला मस्करी वाटली. वीस लाख वर्षांपूर्वीच्या एका दाढेपायी कोणी बायकोच्या सख्ख्या भावावर हात टाकतं का? दुसरा ठोसा कानाखाली बसला तेव्हा त्याला कळलं, की टाकतं.

सुईवाला म्हणजे दगडातून हाडं सोडवणारा कारागीर. भिंगाखाली हाड धरायचं आणि सुईच्या टोकानं त्यावरची चुनखडी कणाकणानं उडवायची, हे त्याचं काम. नोकरी दाजींनीच लावली होती. दाजी त्याच संस्थेतले बडे शास्त्रज्ञ. सुट्या सापडलेल्या दाढांवरून त्यांनी माणसाच्या पूर्वजांच्या दोन जाती ठरवल्या होत्या. दाढेवर पाच उंचवटे असले की एक जात, सहा असले की दुसरी. 'दाढ दाखवा, जात सांगतो,' म्हणत तीस वर्षं मिरवले.

आणि मग अकरा महिने डोळे फोडून सुईवाल्यानं एक अख्खा जबडा मोकळा केला. उजवीकडच्या शेवटच्या दाढेवर पाच उंचवटे, डावीकडच्या दाढेवर सहा. म्हणजे दोन जाती कसल्या अन् काय कसल्या, एकाच तोंडातली उजवी आणि डावी बाजू! दाजींच्या तीस वर्षांवर पाणी. डावी दाढ खाचेतून सुटून हातात आली होती, पण परत ठेवली की मुळं टक्कन बसायची. ती एक दाढ नाहीशी झाली, की दाजींची अब्रू शाबूत राहणार होती.

तीन वाजता ताई येणार होती. ताई ही सुईवाल्याची थोरली बहीण, दाजींची बायको, आणि संस्थेची नोंदवही सांभाळणारी. तिनं एकदा वहीत लिहिलं की ब्रह्मदेवाच्या बापालाही ते खोडता येत नसे.

अडीचला दाजी आले, दार लावलं आणि आधी गोड बोलले.

"डावी दाढ सापडलीच नाही म्हण. एवढंच तर सांगतोय."

"सापडलीय की, दाजी. ही काय."

"माझ्यामुळे दोन घास खातोयस तू."

"खातोय ना. म्हणून काय हिचा सहावा उंचवटाही गिळू?"

त्यावर ते दोन ठोसे बसले. तिसऱ्याला सुईवाला स्टुलासकट आडवा झाला. मांडणीवरचं प्लॅस्टरचं पोतं त्याच्या अंगावर फुटलं आणि खोलीभर पांढरी धूळ उडाली. दाजींनी बरगडीत लाथ घातली, मग आणखी एक. सुईवाल्याच्या मुठीत दाढ होती. दाजींनी त्या मुठीवर बुटाची टाच ठेवली आणि सगळं वजन टाकून पिळली. दोन बोटं कडकन मोडली. तो गुरासारखा ओरडला, पण मूठ सुटली नाही. टाच उचलली गेली तशी त्यानं ती मूठ तोंडाशी नेली आणि दाढ गालात सारली.

दाजींनी दगड फोडायचा हातोडा उचलला होता. लाकडी दांडा सुईवाल्याच्या जबड्यावर बसला.

सुईवाल्याची स्वतःची एक दाढ सहा महिन्यांपासून हलत होती. तंबाखूनं काळी पडलेली. 'उपटून घे रे बाबा,' म्हणून ताईनं कान किटवले होते, पण हा दातांच्या डॉक्टरला भ्यायचा. डॉक्टरचं काम दाजींनी फुकटात केलं. दाढ मुळासकट उडाली आणि प्लॅस्टरच्या धुळीत जाऊन पडली.

दाजींनी तिच्यावर झडप घातली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या दाढा मोजणाऱ्या माणसानं नेमकी तेवढीच एक मोजली नाही. फरशीवर ठेवली आणि हातोडा हाणला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग थांबले. ठिकऱ्यांमध्ये ओलं, लाल काहीतरी पसरलं होतं. दगडाला रक्त येत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

"तोंड उघड," दाजी हळूच म्हणाले.

सुईवाल्यानं मान हलवली. दाजींनी गुडघा त्याच्या छातीवर रोवला आणि बोटं ओठांतून आत खुपसली. सुईवाला चावला. हाड लागेपर्यंत चावला. दाजी किंचाळले, दुसऱ्या हातातला हातोडा त्याच्या डोक्यावर उगारला, आणि दारात किल्ली फिरली.

ताई आत आली. नवरा पाहिला, हातोडा पाहिला, खाली भाऊ पाहिला. हातोडा खाली आला नाही. सुईवाला दाजींच्या गुडघ्याखालून निसटला, रांगत तिच्यापाशी गेला आणि तिच्या तळहातावर दाढ थुंकला.

"मोज, ताई."

तिनं बोटानं रक्त पुसलं. "एक. दोन. तीन."

"अगं, आधी माझं ऐक तरी," दाजी म्हणाले.

"चार. पाच." दाजींच्या पुस्तकाचं पान न् पान तिनंच टंकलं होतं. "सहा."

तिनं दाढ जबड्याच्या खाचेत ठेवली. टक्कन बसली.

मग ताई टेबलाशी बसली, वही उघडली आणि क्रमांक टाकला. डावी शेवटची दाढ, सहा उंचवटे. पुढे रकाना होता, दाढेला काय चिकटलं आहे. इतक्या वर्षांत तिथं चुनखडीशिवाय काही लिहिलं गेलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते, पण अक्षर हललं नाही. तिनं लिहिलं, रक्त, माझ्या भावाचं. शेवटचा रकाना होता, कोणाच्या हातून. तिथं तिनं नवऱ्याचं अख्खं नाव लिहिलं.