बाळ्याचा डावा गुडघा

मित्रांनो, मी एक जुना पॅड आहे. डाव्या पायाचा. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज डावा पाय पुढे टाकतो, त्यामुळे बहुतेक चेंडू माझ्याच नशिबी येतात. माझा जोडीदार, म्हणजे उजवा पॅड, मागे सुखात असतो. मला चेंडू लागला की समोरचा अख्खा संघ पंचांकडे बघून ओरडतो, जणू मीच काही गुन्हा केला आहे. अशा जगण्यात काळजी करायची सवय आपोआप लागते.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. आत वेताच्या काड्या, त्यांच्यावर कापसाचा थर, वरून पांढरं कातडं आणि गुडघ्यापाशी जाड आडव्या गाद्या. मला शिवणाऱ्या बाईंनी शेवटचा टाका घालून झाल्यावर गुडघ्याच्या जागी एक बुक्की मारून पाहिली आणि शेजारणीला म्हणाल्या, "आतल्या पायाला काही होणार नाही बघ." मला छाती असती तर ती नक्की फुगली असती. दुकानाच्या फळीवर पडल्यापडल्या मी तेच वाक्य घोळवत असे.

मला बाळ्यासाठी त्याच्या थोरल्या बहिणीने विकत घेतलं. तेव्हा तो शिडशिडीत पोरगा होता आणि खेळ असा, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. लवकरच त्याची देशाच्या संघात निवड झाली. पहिल्याच सामन्यात त्याने शतक ठोकलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याचं कौतुक मावत नव्हतं.

त्या शतकाच्या आधी काय झालं, ते मात्र कुणी छापलं नाही, कारण ते फक्त मला माहीत होतं. आपली पाळी येण्याची वाट बघत बाळ्या पॅड बांधून बसला होता आणि माझ्या आत त्याचा गुडघा थडथड हलत होता. तो थांबेना, म्हणून बाळ्याने माझे पट्टे सोडले, आवळून बांधले, पुन्हा सोडले, पुन्हा बांधले. मला वाटलं, पहिलाच सामना आहे, होतं असं.

पण पुढच्या सामन्यातही तेच, आणि त्याच्या पुढच्याही. आता क्रिकेटपटूंच्या खोलीची एक गंमत सांगतो. तिथे विचित्र वागणं कुणालाच विचित्र वाटत नाही. एक जण कायम उलटा मोजा घालतो, दुसरा बॅटशी गप्पा मारतो, आणि मैदानावर भागीदारी रंगली की कुणी आपली जागा सोडायची नाही, अगदी लघवीलासुद्धा जायचं नाही, असा तिथला कायदा. त्यामुळे बाळ्या पट्टे सोडून बांधायला लागला की सगळे खूश होत. "बांध, बांध! आज शतक नक्की!" एकदा तो नुसताच बसला होता, तर खुद्द प्रशिक्षक ओरडले, "अरे, पट्टे राहिले की तुझे!" त्याने मुकाट्याने बांधले. मला मात्र धडकी भरली. त्याच्या दुखण्याला सगळ्यांनी मिळून शुभशकुन ठरवून टाकलं होतं. त्या शकुनापायीच मलाही कधी बदललं नाही. इतर पॅड दोन-तीन मोसमांत निवृत्त होतात, माझ्या कातड्याला ठिगळं लागली तरी मी आपला चालूच.

मग वाईट दिवस आले. बाळ्या सुरेख खेळता खेळता मधेच एखादा आडदांड फटका मारून बाद व्हायला लागला. लोक म्हणाले, पोराच्या डोक्यात हवा गेली. अरे, त्याला तिथून लवकर सुटायचं असे! एकदा बाद होऊन आल्यावर त्याने बॅटने खिडकीची काच फोडली. त्याच्यावर बंदी आली. ती संपल्यावर एका लांबच्या दौऱ्यात त्याने हॉटेलच्या खोलीतून बहिणीला फोन लावला. मी पलंगाला टेकून उभा होतो.

"ताई, घरी यावंसं वाटतंय गं."

"काय झालं? जेवलास ना नीट?"

"जेवलो."

"मग? अरे, अशी संधी मिळावी म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात. दम धर जरा."

"बरं," बाळ्या म्हणाला.

ताईचा त्याच्यावर फार जीव, पण तिला तो गुडघा दिसत नव्हता. मला सगळं कळत होतं, पण मला तोंड नव्हतं. त्या गोष्टीचा मला आजही राग येतो. दोन दिवसांनी पाठ दुखते असं सांगून बाळ्या दौरा सोडून आला. त्याला संघातून काढलं, परत घेतलं, परत काढलं. वर्तमानपत्रं त्याला 'लहरी' म्हणायला लागली.

शेवटी एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी त्याला पुन्हा बोलावलं. मैदानावर कप्तान आणि सलामीवीर छान जमले होते, त्यामुळे खोलीत कुणी हलायचं नव्हतं. पुढची पाळी बाळ्याची. त्याच्या शेजारी यष्टिरक्षक बसला होता. कधी बंद होत नसे म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणत. त्याची पाळी खूप नंतर होती, पण हौसेने आधीच पॅड चढवून बसायची त्याची सवय. बोलता बोलता त्याने शकुनाची म्हणून माझ्यावर एक थाप मारली आणि त्याचा हात तिथेच राहिला. रेडिओ बंद पडला.

"बाळ्या, पाय का हलतोय तुझा?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी पहिल्यांदाच विचारला.

"नेहमीच हलतो," बाळ्या हळूच म्हणाला.

"मग ते पट्टे बांधणं?"

"थांबावा म्हणून."

"अरे गाढवा! बोलला का नाहीस?"

"काय बोलू? भीती वाटते म्हणू? कशाची विचारशील, तर ते मलाच माहीत नाही. छाती आवळून येते रे. श्वास पुरत नाही."

तेवढ्यात बाहेर एकच गलका झाला. सलामीवीर बाद! बाळ्याने उठायचा प्रयत्न केला, पण माझ्या आतला पाय उठलाच नाही. पुढच्या फलंदाजाला वेळेत मैदानावर पोचावंच लागतं. माझा जीव टांगणीला लागला. रेडिओने बाळ्याचा खांदा दाबला. "बस तू. मी जातो." प्रशिक्षक ओरडत राहिले आणि हा हेल्मेट चढवत जिना उतरून गेलासुद्धा.

तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला. मग पत्त्यांच्या बंगल्यासारखा सगळा डाव कोसळला. बाळ्या शेवटपर्यंत मैदानात उतरला नाही. आम्ही हरलो.

सामन्यानंतर पत्रकारांनी रेडिओला धारेवर धरलं. पत्रकार परिषदेच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बोळात बाळ्या उभा होता आणि आम्ही दोघे पॅड अजून त्याच्या पायांवरच होतो.

"तुम्हाला आधी कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. माझे पॅड बांधून झाले होते, मी गेलो."

"म्हणजे हिरो व्हायचं होतं?"

"तसं समजा," रेडिओ म्हणाला.

आता बाळ्या गुपचूप निघून गेला असता, तर सगळ्या शिव्या रेडिओला बसल्या असत्या आणि गुडघ्याचं कुणाला कळलंही नसतं. तो दोन पावलं मागे सरकला. जातोय वाटतं, असं मनात येऊन मी गारच पडलो. मग त्याने एकदम दार ढकललं.

तो रेडिओशेजारच्या खुर्चीत बसला. मी टेबलाच्या पायाला टेकलो आणि टेबल हलायला लागलं. माईक थरथरले, पाण्याचे ग्लास किणकिणले. पत्रकार वाकून खाली बघायला लागले. बाळ्याने पाय मागे घेतला नाही.

"हे टेबल हलतंय ना," तो म्हणाला, "तो माझा पाय आहे. पहिल्या सामन्यापासून हलतोय. आज पाळी माझी होती. मला उठता आलं नाही, म्हणून हा गेला."

रेडिओने टेबलाखालून माझ्यावर हात ठेवला, मघासारखाच.

हल्ली बाळ्या डॉक्टरांकडे जातो, ताई सोबत असते. तो परत देशासाठी खेळेल की नाही, मला ठाऊक नाही, आणि त्याची काळजी मला लागून राहिलेली असते. माझं म्हणाल तर मी फाटलो तरी हरकत नाही, कारखान्यात दुसरे शिवले जातील. पण मित्रांनो, तुमच्या बाकावर कुणी उगाचच पुन्हा पुन्हा बुटाची नाडी बांधत असेल, तर हसून पुढे जाऊ नका. त्याला विचारा. आणि पाय तुमचाच हलत असेल, तर कुणी विचारेपर्यंत थांबू नका. बाळ्याची उमेदीची सगळी वर्षं त्या थांबण्यात गेली.