वीस पौंड हवा

टेम्पोतून उतरवलेली सायकल मामाने दुकानाच्या मागच्या खोलीत नेऊन भिंतीला टेकवली आणि तिच्यावर चादर टाकली. मग तो बाहेर येऊन ताईसमोर उभा राहिला आणि उगाच हात पुसत राहिला.

"तुझ्या आईचा निरोप आहे. चाक उघडून बघ म्हणते. काय बिघडलं होतं ते कळलं की येऊन सांग म्हणते."

"मला म्हणाली?"

"माझ्याकडे बघून म्हणाली. पण चाकं काय मी बांधतो का? म्हणजे तुलाच."

अपघातानंतर आई ताईशी थेट बोललीच नव्हती. इस्पितळाच्या व्हरांड्यात दोघी एकाच बाकावर बसत, पण डबा हवा की नको हेसुद्धा आई मामाकडून विचारायची. धाकटा भाऊ आत पडून होता. लहानपणी एका जागी ठरायचा नाही म्हणून त्याला सगळे भिंगरी म्हणायचे. आता कमरेखाली त्याला काहीच कळत नव्हतं, आणि यापुढे कळेल असं डॉक्टर म्हणत नव्हते.

भिंगरी डोंगरउताराच्या शर्यती मारायचा आणि त्याची सायकल ताई सांभाळायची. तिचा प्रत्येक स्क्रू ताईच्या हातचा. मागच्या चाकात इन्सर्ट घालायचं तिनेच ठरवलं होतं. इन्सर्ट म्हणजे फोमचं जाड कडं. ते टायरच्या आत रिमभोवती बसतं. टायरमध्ये हवा कमी ठेवली की तो दगडावर पसरून पकड घेतो, पण मग मोठा दगड टायर दाबत थेट रिमपर्यंत पोचतो. रिम चेपते, टायर मधल्या मध्ये चिरतो. फोम असला की तो धक्का आधी फोमला बसतो. भिंगरीच्या वजनाला आणि त्याच्या वेगाला फोमशिवाय निदान सव्वीस पौंड हवा लागायची. फोम घालून ताई वीसवर आली होती.

तीन प्रकारचे नमुने तिने मागवले होते. जुन्या रिमचा तुकडा शिकंज्यात धरून, त्यावर टायर आणि फोमचे तुकडे ठेवून, ती एकाच उंचीवरून हातोडा सोडत राहिली होती. हलका फोम दोन-चार घावांत बसला. सर्वांत घट्ट होता तो चांगला टिकला, पण भिंगरीने तो हातात घेऊनच तोंड वाकडं केलं. मधला ठरला. आई सोफे आणि खुर्च्या भरण्याचं काम करायची. तिने तो तुकडा अंगठ्याने दाबून पाहिला होता.

"माल चांगला आहे," ती म्हणाली होती. "पण टायरला गादी कशाला? त्याला काय मूळव्याध झालीये?"

त्यावर सगळ्यांत जास्त हसली होती ती ताईच.

आता आईला वाटत असणार, की ताईच्या या उद्योगांनीच घात केला. ताईलाही रोज थोडं थोडं तसंच वाटायला लागलं होतं. फोम फाटला असेल, सरकला असेल, व्हॉल्वच्या तोंडाशी अडकला असेल. वीस जरा कमीच होते की काय. ती चादर काढायला तयार होती, पण हात चादरीपाशी जाऊन थांबत होता.

"मी काढू?" मामाने विचारलं.

"नको."

तिने चादर ओढून काढली. मागच्या चाकाच्या रिमची कड एका जागी आत वळली होती. तिथेच टायरला दोन चिरा होत्या, एकमेकींसमोर, साप चावल्यासारख्या. म्हणजे दगडाने टायर रिमवर दाबून कापला होता. हवा एका क्षणात गेली असणार आणि त्या वेगात मागचं चाक बाजूला घसरलं असणार. ताईने टायर चिमटीत धरून दाबला. अंगठा आणि बोट मध्ये काही न लागता जवळजवळ एकमेकांना भेटले.

तिने पुढे दाबून पाहिलं. मग आणखी पुढे. सगळं चाक फिरवलं.

"काय झालं?" मामा म्हणाला.

"आत नाहीये."

"काय नाहीये?"

तिने टायर दोन्ही अंगठ्यांनी ढकलला. तो उचकटायची पट्टी, लिव्हर, न लावताच सुटून आला. आत भोकं बुजवणाऱ्या सीलंटच्या वाळलेल्या साली होत्या, बाकी काही नाही.

मामाने वाकून आत पाहिलं, जणू ते एखाद्या कोपऱ्यात लपलं असेल. "त्याला काय पाय फुटले?"

"त्याने काढलं."

"एकट्याने? अगं, ते घातलं तेव्हा आपण दोघं घामाघूम झालो होतो. एकट्याने काढून दाखवलं कुणी, तर मी मिशी उतरवीन." मग त्याच्या लक्षात आलं असावं की ही थट्टेची वेळ नाही.

ताईच्या डोळ्यांसमोर शर्यतीची सकाळ आली. चाकाजवळ उकिडवी बसून तिने हवा मोजायचं गेज लावलं होतं. काटा सव्वीसच्या पुढे होता. "एवढी कुणी भरली?" असं म्हणत तिने हवा सोडली होती, वीसवर आणली होती. टायर दाबून पाहिला नव्हता. गेज हातात असताना तो कशाला दाबायचा? आणि भिंगरी शेजारीच उभा होता, हेल्मेटचा पट्टा ओढत.

घरी येऊन तिने त्याची खोली पाहिली, पलंगाखाली पाहिलं. कडं तिथे नव्हतं. ते सापडलं आईच्या खोलीत, शिलाईयंत्राच्या बाजूला, फोमचे उरलेले तुकडे आई ज्या पोत्यात टाकायची त्या पोत्यात. नीट गुंडाळून, सुतळीने बांधलेलं. ताईने वास घेतला. साबणाचा होता. चिकट सीलंटचा एक डाग नव्हता. भिंगरीने जन्मात कधी स्वतःचा कप धुतला नव्हता.

ती पोत्याशेजारी जमिनीवर बसली. मिशी उतरवायची गरज नव्हती. काढणारे दोघं होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती इस्पितळात गेली तेव्हा आई खाली औषधं आणायला गेली होती. भिंगरीचं डोकं पट्ट्याने जखडलेलं होतं, दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते. त्याने डोळे तेवढे वळवले.

"ये. पाय संपावर आहेत, पण तोंड कामावर आहे."

"का काढलंस?"

त्याने कशाबद्दल म्हणून विचारलं नाही.

"सरावाला चाक मेल्यासारखं चालत होतं ग. वळणातून बाहेर पडताना ओढतच नव्हतं. सरावाला बरोबर होता तो लांब्या म्हणाला, काढून टाक ती गादी, सव्वीस भर आणि सूट. तुला सांगितलं असतं, तर तू परत बसवलं असतंस."

"बसवलंच असतं."

"तेच ना."

"मी हवा सोडली तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास, गाढवा."

"सांगणारच होतो. मग म्हटलं, आता भांडण नको, वर जाऊन भरतो. पंप लांब्याकडे होता. आणि त्यांनी माझा नंबर आधीच पुकारला." तो थांबला. "वीसवरही निघेल असं वाटलं. बऱ्याचदा निघतं, ताई."

ते खरंच होतं. बऱ्याचदा निघतं.

"आणि आई?"

"तिने काय केलं? मला लिव्हर जमेना, म्हणून हाक मारली. तिचे अंगठे माहीत आहेत ना तुला. खुर्चीवर चामडं ताणतात तसा तिने टायर ओढून धरला, मी कडं बाहेर काढलं. म्हणाली, बरं झालं, नसती अडगळ. तिला मी सांगितलं, हे नुसतं आवाज कमी करायला असतं." त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे गेलं, त्याला ते पुसता येत नव्हतं. ताईने पुसलं. "तिला सांगू नकोस. मी निजून राहीन, काय करायचं ते करीन. पण तिच्या डोक्यात हे आलं तर ती जगायची नाही."

"आणि माझ्या डोक्यात?"

त्याने नजर छताकडे वळवली.

आई आली. तिने औषधांची पिशवी कपाटात ठेवली, कपाट बंद केलं आणि पाठमोरीच उभी राहिली.

"उघडलंस?" बऱ्याच दिवसांनी ती थेट ताईला विचारत होती.

"हो."

"आत काय होतं?"

ताईने भिंगरीकडे पाहिलं नाही. "काही नव्हतं."

"नव्हतंच." आई वळली. चेहरा जागच्या जागी सुकल्यासारखा होता. "मीच लागले होते काढायला. हा म्हणाला आवाजासाठी असतं. मी इतकी वर्षं खुर्च्या भरते, मला काय आवाजाचा फोम कळत नाही? तेव्हा कळलं नाही, की कळून घेतलं नाही, कोण जाणे. आता इथे बसल्या बसल्या एकच दिसतं. फोम काढला की फळी हाडाला लागते." तिने पलंगाचा लोखंडी दांडा धरला. "मला दुसरं काही नको. एवढं सांग. ते काढलं म्हणून झालं का हे?"

मामाला मध्ये न घालता, आपणहून बोलत होती. म्हणजे इतके दिवस गप्प होती ती रागानेच, असंही नव्हतं. हा प्रश्न तोंडाशी येईल म्हणून ती ताईशी बोलायचंच टाळत होती.

ताईने आधी जे खरं होतं ते सांगितलं.

"फोम नसतानाही लोक शर्यती मारतात, आई. हवा जास्त भरायची असते, बस. सव्वीस असती तर रिम लागली नसती. हवा मी ठेवली होती. वीस."

"पण तुला कुठे ठाऊक होतं, ते काढलंय म्हणून?"

इथपर्यंत एक शब्दही खोटा नव्हता. यापुढे खरं बोललं तर आईचे अंगठे पुन्हा त्या टायरवर जाणार होते आणि तिथून ते उचलणं कुणालाच जमणार नव्हतं.

"ठाऊक होतं. याने सकाळीच सांगितलं होतं. घाईत माझ्या डोक्यातून गेलं."

आई बाकावर बसली. तिचे खांदे खाली आले, एखादं ओझं उतरवून ठेवावं तसे, आणि ताईला क्षणभर वाटलं की ती रडेल. ती रडली नाही.

"डोक्यातून गेलं," ती म्हणाली. "छत्री विसरावी तसं."

"आई, ताईने..." भिंगरी म्हणाला.

"तू बोलू नकोस. तुला त्रास होतो बोलून."

तो पुढे बोलेल अशी ताईने जरा वाट पाहिली. त्याने डोळे मिटून घेतले.

"उद्यापासून मामाला पाठव," आई म्हणाली. "तू येऊ नकोस."

"परवा?"

"कळवीन."

ताईने पिशवी खांद्याला लावली. दारातून बाहेर पडताना मागे खुर्ची ओढल्याचा, मग चमच्याचा आवाज झाला. "दोन घास खा रे राजा," आई म्हणत होती. अपघाताआधी ती याच आवाजात बोलायची. जिन्यापर्यंत तो ऐकू येत होता.