तीन वळणांची लाइन

आमच्या शेतावरून जाणारी विजेची लाइन सरळ नाही. तीन ठिकाणी वळते. नवे इंजिनिअर येतात, मान वर करून बघतात आणि डोकं खाजवतात. ती कुणी आखली, हे सांगायला आता मी एकटीच उरले आहे.

तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. लाइन जायची होती टेकडीपलीकडच्या वस्तीत, म्हणजे माझ्या माहेरी. मधे फक्त आमचं शेत. सासऱ्यांनी संमतीपत्रावर सही केली नाही, तर माझी आई कंदिलावरच राहणार. आणि कंदिलाच्या उजेडात तिला सुईत दोरा ओवता येईनासा झाला होता. पण सुनेनं माहेरासाठी तोंड उघडायचं कसं?

वीज कंपनीचा माणूस चार वेळा येऊन गेला. उंच, काटकुळा. सासूबाईंनी त्याचं नावच 'खांब' ठेवलं. नकाशा पसरून तो म्हणायचा, "फक्त सहा खांब, काका."

"तुझ्या घरात रोवू का सहा खांब?" सासरे विचारायचे.

एकदा त्यानं खुणेच्या खुंट्या ठोकल्या. पाचव्या खेपेला आला, तर जागेवर एकही नाही. सासूबाईंनी त्या उपटून वेलांना आधार दिला होता.

"या," त्या म्हणाल्या, "तुमच्या लाइनीला शेंगा लागल्यात. भाजीपुरत्या घेऊन जा."

बिचाऱ्याचा चेहरा पडला. पाणी देताना मी हळूच म्हटलं, "भाऊ, नकाशा इथेच राहू दे. त्यांच्याबरोबर शेतात फिरा. नांगर कुठे वळवतात, ते विचारा."

सकाळी गेलेले दोघं जेवणवेळ टळली तरी परतेनात. मी खिडकीतून बघत होते. आधी सासरे हात उडवत होते. मग खांब ढेकळांवरून ठेचकाळत त्यांच्या मागे चालला. मग बघते तर काय, खुंट्या धरल्यात खांबानं आणि ठोकतायत सासरे!

"या नकाशावाल्याच्या खांबावरून बैल काय उडी मारून वळणार?" सासरे आत येत म्हणाले. "बांधाबांधानं न्या म्हटलं. आठ लागतील."

"वरचे दोन कशाला, असं साहेबांनी विचारलं तर?" खांब कुरकुरला.

"सांग, म्हातारा वाकडा आहे."

दुरुस्तीला माणसं कधीही येतील, असं कागदावर छापलं होतं. सासऱ्यांनी त्याखाली हातानं लिहायला लावलं : 'येण्याआधी हाक मारावी.' ती हाक लाइनमन अजून मारतात.

मग त्यांनी सही केली. पेनाचं टोपण लावता लावता म्हणाले, "सूनबाई, आईला निरोप धाड. म्हणावं, सुईदोरा तयार ठेव."

मी चपापले. या घरात मी सुईचा विषयसुद्धा काढला नव्हता.

सासूबाई शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माहेरचं शिवण पदराखाली लपवून कोण आणतं, ते दिसत नाही होय आम्हाला?"